दाढेतली चांदी काढून टाकावी का?

वाचकांचे प्रश्न : दंतआरोग्य

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. दाढेत भरलेल्या चांदीत पारा असतो, तो हळूहळू अंगात भिनतो आणि त्यामुळे मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत सगळे बिघडते, अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे आणि तो वाचून अनेकांनी आपापल्या दाढांची काळजी कळवली आहे. म्हणून या अंकात इतर प्रश्न बाजूला ठेवून याच विषयावरची निवडक पत्रे घेतली आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

मॅडम, माझे वय ५२ आहे. माझ्या पाच दाढांत बऱ्याच वर्षांपूर्वी चांदी भरलेली आहे आणि तिचा आजवर काहीच त्रास झालेला नाही. अलीकडे मला थकवा येतो आणि विसरायला होते. एका ठिकाणी दाखवले तेव्हा, पाचही दाढांतली चांदी लगेच काढा आणि नंतर शरीरातला पारा उतरवण्याचा कोर्स घ्या, असे सांगितले. खर्च मला झेपणारा नाही. काय करू? – एक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की इतक्या वर्षांत त्या दाढांनी तुम्हाला त्रास दिलेला नाही. चांदी शाबूत असेल, तिच्या कडेला फट पडलेली नसेल आणि खाली नव्याने कीड लागलेली नसेल, तर केवळ पाऱ्याच्या भीतीपोटी ती काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये काही गटांतल्या लोकांना नवीन चांदी भरणे शक्यतो टाळावे असे सुचवले, आणि त्याच निवेदनात सुस्थितीतली जुनी चांदी वैद्यकीय गरज नसताना काढू नये, असेही बजावले. या दोन गोष्टी एकत्रच वाचायला हव्यात.

आपण जिला चांदी म्हणतो ते अमाल्गम म्हणजे चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रधातूची पूड पाऱ्यात कालवून केलेला लगदा होय. वजनाने त्यात जवळपास निम्मा पारा असतो. हे खरे आहे आणि ते रुग्णापासून दडवण्याचे काही कारण नाही. ज्यांनी जुन्या काळी दाढ भरून घेतली आहे त्यांना आठवत असेल, की डॉक्टर छोट्या खलात पूड आणि पारा घोटत, मग तो गोळा कापडाच्या तुकड्यात धरून पिळत आणि जादा पारा चकाकत्या थेंबांनी बाहेर येई. उरलेला मऊ लगदा दाढेच्या खड्ड्यात ठासताना बारीक करकर ऐकू येई. काही मिनिटांत तो आवळू लागे, पण त्याला पुरती ताकद यायला एक दिवस जाई, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बाजूने चावू नका असे सांगत. या घट्ट होण्याच्या क्रियेत पारा चांदीशी आणि कथलाशी संयोग पावतो आणि बांधला जातो. थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर धावतो तसा मोकळा पारा दाढेत उरत नाही.

तरीही त्या पृष्ठभागावरून अत्यंत सूक्ष्म प्रमाणात पाऱ्याची वाफ निघत राहते. चावताना, दात घासताना, गरम चहा पिताना ती थोडी वाढते, आणि झोपेत दात खाणाऱ्यांत किंवा दिवसभर च्युइंगगम चघळणाऱ्यांत आणखी वाढते. श्वासावाटे आत गेलेल्या या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग फुफ्फुसांतून रक्तात उतरतो, त्यामुळे खरा प्रश्न या वाफेचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार चांदी भरलेल्या माणसाच्या शरीरात या मार्गाने दिवसाला सरासरी ३ ते १७ मायक्रोग्रॅम पारा जातो, आणि नंतरचे बरेच अंदाज या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे किंवा त्याहूनही खाली आलेले आहेत. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हातांना कंप सुटणे, हिरड्या सुजणे, स्वभाव चिडचिडा होणे, मूत्रपिंडे बिघडणे ही पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. पण पाऱ्याशी रोजचा संबंध येणाऱ्या ज्या कामगारांत ती दिसली त्यांच्या लघवीतला पारा चांदी भरलेल्या सर्वसाधारण माणसाच्या कित्येक पट अधिक होता.

तुमचा थकवा आणि विसरणे मी किरकोळ मानत नाही. उलट त्याचे खरे कारण दाढेच्या नादात राहून जाईल, याचीच मला काळजी वाटते. या वयात हिमोग्लोबिन, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ आणि रक्तातली साखर तपासणे, झोप पुरेशी होते का हे पाहणे आणि पाळी जाण्याच्या काळातले बदल लक्षात घेणे हे आधी करायचे असते, आणि ते तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर अल्प खर्चात करू शकतात. एवढे करूनही पाऱ्याची शंका राहिलीच, तर चांगल्या प्रयोगशाळेत लघवीतला पारा मोजून घ्या. मात्र आधी एखादे औषध पाजून मग लघवी तपासण्याची पद्धत कोणी सुचवली, तर ती नाकारा. ते औषध कोणाच्याही शरीरातून धातू ओढून बाहेर काढते, त्यामुळे आकडा मोठा येतो, आणि तो औषध न घेतलेल्या माणसांच्या आकड्याशी ताडून रुग्णाला घाबरवले जाते.

पारा उतरवण्याच्या कोर्सबद्दल मला अधिक ठामपणे सांगितले पाहिजे. शरीरातले जड धातू बांधून बाहेर काढणारी औषधे खरोखर आहेत, पण ती सिद्ध झालेल्या विषबाधेसाठी, रुग्णालयात, रक्ततपासण्यांच्या देखरेखीखाली द्यायची असतात. ती शरीराला लागणारे जस्तासारखे क्षारही सोबत ओढून नेतात, आणि चुकीचे औषध शिरेतून दिल्यामुळे रक्तातले कॅल्शियम घसरून रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत. धडधाकट माणसाच्या भीतीवर असा उपचार विकणे मला अत्यंत गैर वाटते.

शिवाय चांदी काढताना काय होते तेही पाहा. ड्रिलने ती कापली की तिची बारीक धूळ उडते, घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि एरवी वर्षानुवर्षे थोडी थोडी निघणारी वाफ त्या काही मिनिटांत एकदम निघते. पाच दाढा एकापाठोपाठ कोरल्या तर काही काळ तुमच्या रक्तातला पारा कमी होण्याऐवजी वाढेल. प्रत्येक वेळी थोडा चांगला दातही कोरला जातो, आतली नस दुखावते, आणि ज्या दाढेला काही झालेले नव्हते तिचे रूट कॅनाल करायची पाळी येते. चांदी फुटली, दाढेला तडा गेला, खाली कीड शिरली किंवा पाऱ्याची ॲलर्जी तपासणीतून ठरली, तर ती जरूर काढावी. त्या वेळी एका बैठकीत एकच दाढ घ्यावी, दाताभोवती रबराचा पडदा लावून, भरपूर पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन चालू ठेवून, भुगा न करता चांदीचे मोठे तुकडे पाडून काढावेत. एवढी काळजी कोणत्याही व्यवस्थित दवाखान्यात घेता येते. त्यासाठी वेगळे पॅकेज लागत नाही.

जेवताना दाढेतल्या चांदीचा तुकडा निघाला आणि घासाबरोबर पोटात गेला. विषबाधा होईल का? – एक वाचक, इचलकरंजी

नाही. घट्ट झालेल्या चांदीतला पारा आतड्यांतून नगण्य प्रमाणात शोषला जातो. तुकडा दोन-तीन दिवसांत शौचावाटे निघून जाईल. काळजी करायची ती उघड्या पडलेल्या दाढेची. तिथे अन्न अडकून कीड झपाट्याने आत जाते, म्हणून याच आठवड्यात ती दाखवा.

चॉकलेटचा चंदेरी कागद चुकून दाढेखाली आला की विजेचा झटका बसल्यासारखे होते. हा पाऱ्याचाच परिणाम का? – एक विद्यार्थिनी, जयसिंगपूर

तो झटका खरोखरच विजेचा असतो. ॲल्युमिनियमचा कागद आणि दाढेतली चांदी हे दोन वेगळे धातू लाळेत भिजून एकमेकांना टेकले की क्षणभर सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि दाताच्या नसेला तो जाणवतो. सोन्याची कॅप समोरच्या दाढेवर असेल तरीही काहींना असे होते. त्याने अपाय होत नाही.

मॅडम, तुम्ही मंडळी चांदी सुरक्षित म्हणता, मग युरोपातल्या देशांनी तिच्यावर बंदी का घातली? तिथले लोक मूर्ख आहेत काय? शंभर-दीडशे वर्षे चाललेला हा वाद अजून मिटत का नाही? – एक सेवानिवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

सर, आपला प्रश्न रास्त आहे. बंदी खरी आहे. नॉर्वेने २००८ मध्ये आणि स्वीडनने २००९ मध्ये चांदी भरणे जवळपास बंद केले. युरोपीय संघाने १ जुलै २०१८ पासून १५ वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी, आणि १ जानेवारी २०२५ पासून वैद्यकीय गरजेचा अपवाद वगळता सर्वांसाठी तिचा वापर थांबवला. या निर्णयांमागे मुख्यतः पर्यावरणाचा विचार आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय बंदीचा अर्थ नीट लागत नाही.

दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात गेलेला पारा नाहीसा होत नाही. आपल्या कोल्हापूर शहराचेच उदाहरण घ्या. जयंती नाल्यात जे पडते त्याची वाट पंचगंगेकडे जाते. नदीच्या तळाशी गाळात बसलेल्या पाऱ्याचे जिवाणू मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. हा प्रकार दाढेतल्या पाऱ्यापेक्षा वेगळा आणि मज्जासंस्थेला कितीतरी अधिक घातक असतो. तो शेवाळातून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो आणि शेवटी ताटात येतो. जपानमधल्या मिनामाता गावी एका कारखान्याने समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यामुळे हेच घडले. १९५६ मध्ये तिथला आजार प्रथम नोंदला गेला, हजारो माणसे बाधित झाली, आणि आयांना फारसे काही झालेले नसताना त्यांच्या पोटची मुले जन्मतःच अपंग निघाली. त्या गावाचे नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये संमत झाला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला. भारताने त्यावर २०१४ मध्ये सही केली आणि जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. सुरुवातीला या कराराने चांदीचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करा एवढेच सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या बैठकीत मात्र २०३४ पर्यंत तो पूर्ण थांबवायचे ठरले. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. आपल्या व्यवसायातून दरवर्षी नदीनाल्यांत जाणारा पारा थांबायलाच हवा.

ज्याच्या तोंडात चांदी आहे त्याला ती अपाय करते का, हा प्रश्न यापासून वेगळा ठेवला पाहिजे. त्याचा सर्वांत नीट तपास मुलांवर झालेल्या दोन अभ्यासांत झाला. दोन्ही २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात ५३४ मुले पाच वर्षे आणि पोर्तुगालमधल्या लिस्बन शहरात ५०७ मुले सात वर्षे पाहण्यात आली. कीड लागलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून एका गटाला चांदी आणि दुसऱ्याला दातासारख्या रंगाचे कंपोझिट भरले, आणि मग त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, एकाग्रता वारंवार तपासली. चांदीच्या गटातल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा अधिक सापडला; न्यू इंग्लंडच्या अभ्यासात पाच वर्षांनंतर तो एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (लघवीत नेहमी असणारा एक घटक) ०.९ मायक्रोग्रॅम होता, तर दुसऱ्या गटात ०.६. परंतु बुद्धीत किंवा वागण्यात दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

मग वाद का मिटत नाही? कारण या अभ्यासांनाही मर्यादा आहेत, आणि विरोधकांचे सगळेच मुद्दे उडवून लावण्याजोगे नाहीत. ही मुले सहा वर्षांपुढची होती. पोटातल्या गर्भाबद्दल किंवा तान्ह्या बाळाबद्दल त्यांवरून काही ठरत नाही. पाच-सात वर्षांच्या निरीक्षणावरून चाळीस वर्षांचा निष्कर्षही काढता येत नाही. लिस्बनच्याच मुलांच्या माहितीची पुढे पुन्हा छाननी झाली तेव्हा विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्या मुलग्यांत पाऱ्याचा परिणाम अधिक दिसतो, असे काही संशोधकांनी मांडले. हा मुद्दा अजून पक्का झालेला नाही, पण सर्वांची शरीरे एकसारखी नसतात एवढे त्यातून लक्षात घ्यावे लागते. याउलट अल्झायमर, स्वमग्नता किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार चांदीमुळे होतात, असा पुरावा आजपर्यंत उभा राहिलेला नाही, आणि फिरत्या मजकुरात भर असतो तो नेमका याच आजारांवर.

इतिहासाबद्दल आपण विचारलेत म्हणून सांगते. क्रॉकर नावाचे दोघे भाऊ १८३३ मध्ये हा लगदा न्यूयॉर्कला घेऊन आले. कीड नीट न कोरता भराभर दाढा बुजवून ते पैसे मिळवत, आणि त्यामुळे सोने भरणारे तिथले दंतवैद्य खवळले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने सभासदांकडून चांदी न वापरण्याची प्रतिज्ञाच लिहून घेतली. पण चांदी स्वस्त होती, टिकत होती आणि सामान्य माणसाची दाढ वाचवत होती. सभासद गळत गेले आणि १८५६ मध्ये ती संघटना मोडली. पुढे १९२६ मध्ये आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळेतल्या पाऱ्याची बाधा स्वतःला झाल्यानंतर, चांदीविरुद्ध लिहिले आणि वाद नव्याने पेटला. दोन्ही वेळी धंद्याचे हितसंबंध आणि खरी काळजी यांची गल्लत झाली. आजही ती होते आहे.

मॅडम, सूनबाईला चौथा महिना आहे. तिच्या एका दाढेत जुनी चांदी आहे आणि दुसरी दाढ किडून ठणकते आहे. गरोदरपणात दाताला हात लावू नये असे शेजारी सांगतात. – एक सासूबाई, कागल

काकू, ठणकणारी दाढ तशीच ठेवू नका. दाढेतला पू आणि त्यामुळे येणारा ताप, उपासमार, रात्रीची जागरणे यांनी बाळाच्या आईला होणारा त्रास उपचाराच्या त्रासापेक्षा मोठा आहे, आणि चौथा ते सहावा महिना हा दातांच्या उपचारासाठी सर्वांत सोयीचा काळ असतो. डॉक्टरांना महिना सांगा. भूल देऊन दाढ साफ करता येते आणि तिच्यात पारा नसलेले साहित्य भरता येते. पाऱ्याची वाफ वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकते, म्हणून गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत नवीन चांदी भरू नये. त्याच कारणासाठी जुनी चांदीही या काळात उकरू नये. ती आहे तशी शांत राहू द्या. सहा वर्षांखालची मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेली माणसे यांनाही नवीन चांदी टाळावी.

सूनबाई मासे खात असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गर्भाच्या दृष्टीने मिथिल-पारा अधिक महत्त्वाचा आहे आणि तो मोठ्या शिकारी माशांत साठतो. कोकणातून बाजारात येणारी मोरी, म्हणजे शार्क मासा, या काळात वर्ज्य करावी; बांगडा, तारली यांसारखे लहान मासे पौष्टिक आहेत, ते खुशाल द्यावेत.

माझ्या आईच्या गालाच्या आतल्या बाजूला, चांदी भरलेल्या दाढेला लागूनच, पांढरट चट्टा आला आहे. तिखट लागले की झोंबते. चांदीची ॲलर्जी असू शकते का? ती रोज मिश्री लावते. – एक वाचक, शिरोळ

असू शकते. चांदीला टेकणाऱ्या गालाच्या त्वचेवर काही थोड्या लोकांत पांढरी जाळीदार रेषा असलेला, मधूनच लाल दिसणारा आणि झोंबणारा चट्टा उठतो, आणि ती चांदी काढून दुसरे काही भरले की तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरतो. चट्टा नेमका चांदीच्या जागेपुरता आहे की पुढे-मागेही पसरला आहे, दुसऱ्या बाजूच्या गालावर तसाच आहे का, हे आम्ही त्यासाठी पाहतो.

परंतु आईंच्या बाबतीत मी ॲलर्जीचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. आपल्या भागातल्या कितीतरी बायका पहाटे उठल्यापासून दोन-तीन वेळा ती बोटाने हिरड्यांवर फिरवतात, आणि दात घासण्याची वस्तू म्हणून तिच्याकडे पाहत असल्याने आम्ही तंबाखू खाता का असे विचारले तर नाही म्हणतात. तिच्यामुळे उठणारा पांढरा चट्टा पुढे कर्करोगात बदलू शकतो. दोन्ही चट्टे नुसत्या डोळ्यांना सारखे भासू शकतात, म्हणून छोटा तुकडा काढून तपासणे आवश्यक आहे. मिश्री आजच थांबवा आणि तपासणी लांबवू नका. चट्टा तीन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, कडक लागत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तातडीने जा. हिरडीवर दुखत नसलेला निळसर-काळा ठिपका असेल, तर तो बहुधा चांदीचा कण त्वचेखाली राहिल्याने पडलेला डाग असतो; तो निरुपद्रवी आहे.

दाढेत सिमेंट भरले की वर्षाच्या आत निघून येते. वडिलांच्या दाढेतली चांदी मात्र तीस वर्षे टिकली. मला चांदीच भरायची आहे, पण डॉक्टर नाही म्हणतात. – एक शेतकरी वाचक, राधानगरी तालुका

आपला अनुभव खरा आहे. मागच्या दाढांत कंपोझिट निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळपास दुप्पट असतो, असे वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यातही आले आहे. चांदीला दाताला चिकटावे लागत नाही; खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद कोरला की ती आत अडकून बसते, थोडी लाळ लागली तरी तिचे बिघडत नाही, आणि घाईच्या दवाखान्यातही ती ठीक भरली जाते. कंपोझिट दाताला चिकटवावे लागते. आधी सौम्य आम्लाने दात खरबरीत करायचा, मग गोंदासारखा थर, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा, आणि या सगळ्या वेळात दाढ कोरडी ठाक ठेवायची. त्यात जरा लाळ शिरली की कडेला फट राहते आणि खाली पुन्हा कीड लागते. फायदा असा की चांगला दात कमी कोरावा लागतो.

आपल्या दाढेत जे भरले जाते ते वर्णनावरून ग्लास आयोनोमर किंवा तात्पुरते सिमेंट वाटते. ग्लास आयोनोमर लहान मुलांच्या दातांसाठी आणि हिरडीजवळच्या किडीसाठी उत्तम आहे, त्यातून फ्लोराइडही सुटते, पण चावण्याच्या मोठ्या पृष्ठभागावर ते झिजते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की सिमेंट कोणते, आणि कायमचे कंपोझिट रबराचा पडदा लावून भरता येईल का. खड्डा फारच मोठा असेल तर कॅप अधिक शहाणपणाची ठरेल. आणि उसाचे कांडे दाताने सोलण्याची सवय असेल तर ती या दाढेच्या बाजूने तरी सोडा.

चांदीचा आग्रह धरण्यात आता व्यवहार नाही, कारण ती भरणारे हात आणि साहित्य दोन्ही कमी होत चालले आहेत. तरीही जिथे दाढ हिरडीखालपर्यंत किडली आहे, कोरडी ठेवणे अशक्य आहे आणि रुग्णाला दुसरे काही परवडत नाही, तिथे बंद कॅप्सूलमधली चांदी भरून दाढ वाचवणाऱ्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. दाढ काढून टाकण्यापेक्षा ते कितीतरी बरे. कंपोझिटमधल्या रसायनांबद्दलही प्रश्न विचारले जात आहेत, तेव्हा पारा नाही म्हणजे चिंता नाही असे समजू नये.

मी एका दंत दवाखान्यात मदतनीस आहे. काढलेली जुनी चांदी आम्ही बेसिनमध्ये धुतो किंवा कचऱ्यात टाकतो. मागे एकदा पाऱ्याची बाटली कलंडली होती, तेव्हा मी झाडूने गोळा केला. मला काही होईल का? – एक भगिनी, शाहूपुरी, कोल्हापूर

ताई, रुग्णापेक्षा तुमच्यासारख्यांची काळजी मला अधिक वाटते, कारण रुग्ण वर्षातून एकदा येतो आणि तुम्ही त्या खोलीत रोज आठ-दहा तास असता. एकदा सांडलेल्या पाऱ्याने बहुधा काही झालेले नसेल, पण फरशीच्या सांध्यांत आणि कपाटाखाली राहिलेले थेंब महिनोन्महिने वाफ सोडत राहतात. हातांना कंप, तोंडाला धातूची चव असे काही जाणवत असेल, तर लघवीतला पारा तपासून घ्या.

पारा सांडला तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर मुळीच वापरू नका. त्याने थेंबांचे आणखी बारीक थेंब होतात. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, लोकांना बाहेर काढा. अंगठ्या आणि बांगड्या आधी उतरवा, कारण पारा सोन्याला लगेच धरतो आणि सोने पांढरे पडते. हातमोजे घालून दोन जाड पुठ्ठ्यांनी थेंब एकत्र लोटा, ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा, आणि सांध्यांवर गंधकाची पूड टाकून नंतर तीही त्याच बरणीत भरा. मोकळ्या पाऱ्याची बाटली दवाखान्यात आता असायलाच नको. चांदी भरायचीच तर पूड आणि पारा आधीच मोजून भरलेली बंद कॅप्सूल मिळते आणि ती यंत्रात घुसळली जाते.

काढलेले तुकडे, जादा उरलेला लगदा, सक्शनच्या जाळीत अडकलेले कण आणि वापरलेल्या कॅप्सूल हे सगळे वेगळ्या, हवाबंद, नाव लिहिलेल्या बरणीत साठवा आणि घातक कचरा घेण्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्या. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या किंवा लाल पिशवीत ते कधीही टाकू नका, कारण तो कचरा पुढे जाळला किंवा तापवला जातो आणि सगळा पारा हवेत जातो. चांदी असलेला उपटलेला दातही त्याच बरणीत गेला पाहिजे. सक्शनची नळी ब्लीचने धुणे थांबवा, त्याने अडकलेल्या कणांतला पारा सुटून गटारात जातो. सांडपाण्यातले चांदीचे किमान ९५ टक्के कण अडवणारे विभाजक यंत्र मिळते; तुमच्या डॉक्टरांना ते बसवायला सांगा, आणि हे पान त्यांच्या टेबलावर ठेवा.